तपासणीचा वेग

रिकामी लिफ्ट पडत नाही, ती वर जाते. बावीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करतोय, पण हे एवढं साधं वाक्य मी अजून एकाही माणसाच्या गळी उतरवू शकलेलो नाही. केबिनच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला वजनांची एक चौकट असते आणि ती रिकाम्या केबिनपेक्षा जड असते. ब्रेक गेला की जड बाजू खाली येते आणि केबिन वर सुटते. तराजू बघितलेल्या कुणालाही हे कळायला हवं. पण नाही. आमच्या अपघाताची बातमी ज्यानं ज्यानं ऐकली, त्यानं चेहरा पाडून एकच विचारलं, "किती मजले खाली पडलात हो?"

पडलो नाही. वर गेलो. मी आणि काका.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक, म्हणून सगळी कंपनी त्यांना काका म्हणते. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. मला सगळे फुटपट्टी म्हणतात. एक तर उंची पाच फूट दोन इंच, आणि दुसरं म्हणजे मी अर्ध्या सेंटीमीटरसाठी भांडतो. त्या दिवशी आम्ही दोघं एका आठ मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभे होतो. टप म्हणजे केबिनचं छत, आमचं निम्मं काम तिथूनच चालतं. पाचव्या मजल्याच्या दाराचं कुलूप काका बघत होते, मी बॅटरी धरली होती. तेवढ्यात वर मशीनरूममध्ये ब्रेकची स्प्रिंग तुटली. तिला आतून चीर होती, बाहेरून कुणालाच दिसली नसती, हे नंतर चौकशीत निघालं. केबिन आम्हाला घेऊन वर निघाली आणि शाफ्टचा, म्हणजे लिफ्टच्या विहिरीचा, वरचा स्लॅब आमच्या डोक्यावर यायला लागला. काका ओरडले, "झोप." मी झोपलो. काकाही झोपले, पण त्यांचा एक पाय बाहेर राहिला आणि भिंतीतल्या लोखंडात अडकला. मग तिकडे वजनांची चौकट तळाला टेकली आणि सगळं थांबलं. माझी छाती आणि स्लॅब यांच्यात हातभर जागा उरली होती. काकांच्या पायाची दोन हाडं मोडली. मला खरचटलंसुद्धा नाही.

खरचटलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढचे सात महिने मला वाटत राहिलं. निदान दाखवायला काहीतरी असतं.

कारण जे झालं होतं ते दाखवण्यासारखं नव्हतं. मी वाकायला लागलो होतो. दारातून जाताना, दुकानाच्या छपराखाली, पंख्याखाली, झाडाखाली, कुठंही वर काही असलं की माझी मान आपोआप खाली जायची. पाच फूट दोन इंचाचा माणूस सात फुटी दारातून वाकून जातो, हे दृश्य कसं दिसतं ते तुम्हीच बघा. आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, पोरगा वयानुसार नम्र झाला. एक आजोबा तर मी वाकलो की "सुखी राहा" म्हणायचे. बायको एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, "अहो, फ्रिजला कशाला नमस्कार करताय?"

आणि लिफ्ट. लिफ्टचं दार उघडलं की माझे तळहात ओले व्हायचे, कानांत शिट्टी वाजायची आणि पाय जमिनीला चिकटायचे. मी डोक्याला लाख समजवायचो की नवा ब्रेक मी स्वतः बघितलाय, दोर बघितलेत, सगळं बघितलंय. डोक्याला पटायचं. पायांना पटत नव्हतं. मग मी जिने चढायला लागलो. कंपनीनं मला दुसरा जोडीदार दिला होता, त्याला टपावर पाठवायचो आणि आपण गच्चीवरच्या मशीनरूमचं काम घ्यायचो. चौदा मजले, खांद्यावर हत्यारांची पिशवी. कुणी विचारलं तर सांगायचो, डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत. कुणालाही पत्ता लागू दिला नाही, आणि याचा मला मूर्खासारखा अभिमानही वाटत होता.

पण माझी बायको शिवणकाम करते. माणसाच्या तोंडावर तिचा विश्वास नसतो, मापावर असतो. एका रविवारी तिनं माझी पँट घेतली, कंबर आत घेता घेता म्हणाली, "दुसऱ्यांदा दोन इंच. कुठल्या डॉक्टरनं सांगितलंय, त्याचं नाव सांगा." तिनं टेप गळ्यात अडकवली आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिली. त्या बघण्यापुढे मोठमोठी गिऱ्हाइकं खरं वय सांगतात, माझी काय कथा. मी सगळं ओकलो.

तिला सांगण्याची वेळही आलीच होती. कंपनीत नवे साहेब आले होते. त्यांचं डोकं म्हणजे निव्वळ फॉर्म. त्यांनी पत्र काढलं होतं की अपघातात सापडलेल्या मेकॅनिकनं एका ज्येष्ठ मेकॅनिकला बरोबर घेऊन टपावरून खालपासून वरपर्यंत एक फेरी करून दाखवायची. जमलं तर पात्र. नाही जमलं तर स्टोअरमध्ये बदली. माझी तारीख होती पाच आठवड्यांनंतरची. स्टोअर म्हणजे तळघरातली एक खोली. तिथं बसून इतरांना चिठ्ठीवर नटबोल्ट मोजून द्यायचे. तिथं गेलेला मेकॅनिक परत आलेला मी बघितलेला नाही. माणसं हसतील याचं मला तेवढं वाटत नव्हतं. मला माझं काम आवडतं. बिघडलेली केबिन मजल्याला अचूक येऊन टेकते तेव्हा मला जे वाटतं, ते दुसरं काहीही करताना वाटलेलं नाही, आणि आता तेच जाणार होतं.

"माझी एक गिऱ्हाईक आहे," बायको म्हणाली. "संमोहन करून उपचार करते. मी वेळ ठरवते, तुम्ही फक्त जा."

संमोहन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमचे हेडमास्तर आले. शाळेत एकदा जादूगार आला होता. त्यानं हेडमास्तरांच्या नाकासमोर घड्याळ हलवलं आणि हेडमास्तर चारशे मुलांसमोर कोंबड्यासारखे आरवले. त्यानंतर त्यांचा दरारा परत बसला नाही. मी बायकोला सांगून टाकलं की मी आरवणार नाही.

"आरवलात तरी चालेल," ती म्हणाली, "पण वाकणं थांबवा."

दवाखाना चौथ्या मजल्यावर होता. मी धापा टाकत पोचलो. डॉक्टरीणबाई तिशीच्या, मोठा चष्मा, पायांत धावायचे बूट. त्यांनी माझी नाडी बघितली आणि म्हणाल्या, "फारच घाबरलाय तुम्ही." चार मजले चढून आलोय, हे मी सांगितलं नाही. आणखीही बरंच सांगितलं नाही. काम काय, तर मशीनचं. अपघात कसला, तर मशीनवरचा, किरकोळ. त्रास कसला, तर मान आपोआप वाकते आणि झोप मोडते. बास. माणूस पैसे देऊन उपचाराला जातो आणि तिथंही चोरी लपवतो, याला काय म्हणावं.

त्यांची ती मागे रेलायची खुर्ची झकास होती, फक्त खटका करकरत होता. मी खिशातली तेलाची बाटली काढून दोन थेंब सोडले, मगच बसलो. घड्याळबिड्याळ काही निघालं नाही.

"तुम्ही झोपणार नाही," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकू येईल. नको वाटलं तर डोळे उघडून उठून जायचं, मी अडवणार नाही. एखाद्या कामात आपण गढून जातो ना, तसंच असतं हे, फक्त मुद्दाम केलेलं."

मी डोळे मिटले. खरं म्हणजे दीड डोळा मिटला. त्यांनी श्वासाबद्दल काहीतरी सांगितलं, मग पावलं सैल, गुडघे सैल, खांदे सैल. आवाज चांगला होता त्यांचा. तेल घातलेल्या पुलीसारखा, कुठं अडकत नव्हता. उरलेला अर्धा डोळाही कधी मिटला ते कळलं नाही. हात जड झाले. बरं वाटत होतं, सात महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं.

"आता तुम्ही दहाव्या मजल्यावर उभे आहात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "समोर लिफ्ट आहे. दार उघडतंय. आत मंद उजेड आहे. तुम्ही आत जाताय. ही लिफ्ट तुम्हाला एकेक मजला खाली नेणार आहे, आणि प्रत्येक मजल्यागणिक तुम्ही अधिकाधिक शांत होणार आहात."

यावर मी किंचाळायला हवं होतं. पण मला वेगळाच प्रश्न पडला.

"दार कसलं आहे?" मी विचारलं. जीभही जड झाली होती. "मधून उघडणारं की एका बाजूला सरकणारं?"

बाई जरा थांबल्या. "तुम्हाला आवडेल तसं."

"आवडीचा प्रश्न नाही. मंद उजेड चालत नाही आत, उंबरा दिसला पाहिजे."

"बरं. भरपूर उजेड आहे," बाई म्हणाल्या. "दार बंद होतंय. दहा. तुम्ही शांत होताय. नऊ."

"दार फार जोरात बंद झालं. कुणाचा तरी हात सापडेल."

"आठ," बाईंचा आवाज किंचित हलला.

"बाजूच्या पट्ट्यांना तेल नाही. ऐकू येतंय मला."

"सात."

"थांबवा," मी म्हटलं. "सातव्याला केबिन अर्धा सेंटीमीटर वर थांबलीय. म्हातारी माणसं अडखळतील इथं. या लिफ्टची देखभाल कोण बघतं?"

मग एक विचित्र आवाज आला, म्हणून मी डोळे उघडले. बाईंनी तोंडावर वही धरली होती आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. चष्मा काढून डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माफ करा, असं कधी झालं नव्हतं. तुम्ही नक्की काम काय करता?"

मग मी सांगितलं. काका, टप, स्प्रिंग, स्लॅब, चौदा मजल्यांचे जिने, स्टोअर. बाईंचा चेहरा उतरत गेला. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला लिफ्टमध्येच घातलं. शिकताना आम्हाला हा पाठ देतात. लिफ्टमध्ये माणसाला शांत वाटतं, असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलंय." मी म्हटलं, "पाठ चांगला आहे, फक्त देखभाल कमी पडते." आणि हे म्हणता म्हणता मला रडू आलं. सांगायला लाज वाटते, पण हुंदके देऊन रडलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"तुम्ही आत गेलात," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "लक्षात आलं का? लिफ्टचं दार उघडलं, तुम्ही आत गेलात आणि दहापासून सातपर्यंत आलात."

नव्हतं आलं लक्षात. मी चूक शोधण्यात गुंग होतो.

मग त्यांनी कागदावर मेंदू काढला. चित्र बटाट्यासारखं आलं होतं, पण समजावलं नीट. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, तो धोक्याची घंटा वाजवतो. त्याच्या शेजारीच दुसरा भाग, तो प्रत्येक आठवणीवर तारीख आणि ठिकाण घालून ती जागेवर ठेवतो. संकट फार मोठं असलं की घंटा इतकी जोरात वाजते की तारीख घालणाऱ्याला काम करताच येत नाही. आठवण तशीच राहते, बिनतारखेची. मग वर काहीही दिसलं की घंटावाल्याला वाटतं, हे आत्ता चाललंय. आणि कपाळामागे बसून शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा जो साहेब आहे, त्याचा फोन त्या वेळी लागतच नाही.

हे मला लगेच पटलं. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचा एक कागद असतो. त्यावर तारीख नसली तर तो फाईलला लागत नाही, रोज सकाळी परत टेबलावर येतो.

"मग पुसून टाका ना ती आठवण," मी म्हटलं. "तुम्हाला येत असेल."

"येत नाही. आलं असतं तरी पुसली नसती. तारीख घालू या तिच्यावर, म्हणजे फाईलला लागेल." त्या पुढे झुकल्या. "मला एक सांगा, टपावर असताना तुम्ही लिफ्ट चालवता कशी? अशीच धाडकन?"

"छे." कामाचं विचारलं की मला दम धरवत नाही. "टपावर वेगळं बटण असतं. तपासणीचा वेग म्हणतात. माणूस चालतो त्याहूनही हळू. आणि बटण दाबून धरावं लागतं. बोट उचललं की केबिन जागच्या जागी थांबते."

बाई खुर्चीतून उठल्याच. दोन फेऱ्या मारल्या, वहीत काहीतरी खरडलं, परत बसल्या. "सात महिने ती आठवण तुम्हाला हवी तशी पळवतेय," त्या म्हणाल्या. "आपण ती तपासणीच्या वेगानं चालवू. बटण तुमच्या हातात."

पुढच्या खेपेपासून तेच सुरू झालं. डोळे मिटायचे, सैल व्हायचं, आणि टपावर उभं राहायचं, पाचव्या मजल्यावर, काकांशेजारी. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दाबलं की सगळं हळूहळू वर सरकायला लागायचं. बोट उचललं की थांबायचं. दुसऱ्या खेपेला मी जेमतेम हातभर वर गेलो आणि सदऱ्याची पाठ भिजली. तिसऱ्या खेपेला अर्ध्यातून उठून पळालो. थेट दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पोचलो होतो. पिशवी विसरली म्हणून परत आलो, तर बाई दारात पिशवी घेऊन उभ्या. म्हणाल्या, "नको वाटलं तर उठून जायचं, असं मीच सांगितलं होतं. पुढच्या बुधवारी या." मी घरी बायकोला म्हटलं, आता माझ्याच्यानं होणार नाही. तिनं शिलाई मशीन थांबवलंही नाही. "स्टोअरमध्ये बसून जाडे व्हाल," ती म्हणाली, "मग सगळ्या कंबरा मलाच उसवाव्या लागतील. बुधवारी जा."

चौथ्या खेपेला मी शेवटपर्यंत पोचलो. बोट तेरा वेळा उचललं, बाईंनी मोजलं होतं. सहावा मजला, सातवा मजला, काकांचा आवाज, ग्रीसचा वास, स्लॅब जवळ, आणखी जवळ. आणि मग केबिन थांबली. नुसती थांबली. हातभर जागा होती. थांबली होती हे मला माहीत नव्हतं असं नाही, न थांबती तर मी हे सांगायला उरलो नसतो. पण सात महिने माझ्या डोक्यात ती थांबण्याआधीच आठवण तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. थांबलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ तसाच पडून राहिलो. बाईंनी विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "स्लॅबचं काम भिकार झालंय. सळ्या दिसताहेत."

त्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या इमारतीच्या लिफ्टनं खाली उतरलो. माझे तळहात ओले झाले, पण पाय उचलले गेले. बाईंनी तळमजल्याचं बटण तीनदा दाबलं. मी म्हटलं, "एकदाच दाबायचं असतं. तीनदा दाबल्यानं ती लवकर पोचत नाही." त्या म्हणाल्या, "बरे झालात तुम्ही." तसं अजून काही पुरतं झालं नव्हतं, पण त्या रात्री मी सलग झोपलो.

परीक्षेच्या दिवशी मी आमच्याच ऑफिसच्या सात मजली इमारतीत, पहिल्या मजल्याच्या दारापाशी उभा होतो. केबिन तळमजल्यावर आणली होती, म्हणजे दार उघडलं की टप बरोबर पायाशी येतो. साहेब फॉर्म घेऊन आले. "तुमच्याबरोबर काका येताहेत," ते म्हणाले. "आजच परत रुजू झालेत. सहाव्या मजल्यावर सही करून येतील."

हे मला माहीत नव्हतं. अपघातानंतर मी काकांना एकदा हॉस्पिटलमध्ये बघितलं होतं, तेही ते झोपेत असताना. नंतर त्यांच्या घरी गेलोच नाही. त्यांचं घर नवव्या मजल्यावर आहे, हे कारण मी स्वतःला देत होतो. रोज चौदा मजले चढणारा माणूस.

काका आले. किंचित लंगडत होते, बाकी तसेच. "फुटपट्टी, वाळलास की रे," म्हणाले. मग त्यांनी हेल्मेटचा पट्टा बघितला. तो ठीक होता. तरी सोडून परत बांधला. मग कमरेचा पट्टा. मग साहेबांचा फॉर्म हातात घेऊन म्हणाले, हा जुना नमुना दिसतो. साहेब म्हणाले, नवा आहे. मग काकांना तहान लागली. मग बूट काढून आतला खडा झटकला, पण खडा काही पडला नाही. मी दार उघडून धरलं होतं आणि काका दारापासून चार पावलं लांब उभे होते.

ही सगळी कारणं मला पाठ होती. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. उजवा तळवा काळा झाला होता. आमच्या जिन्याच्या कठड्याचा काळा रंग उन्हानं सुटलाय, हात धरून चढलं-उतरलं की असाच लागतो. काका सहा मजले जिन्यानं चढले होते आणि जिन्यानंच उतरले होते, सळई घातलेल्या पायावर. काकांना कुणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला भीती वाटते का. काकांना कोण विचारणार?

साहेबांनी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटांत सुरू झालं नाही तर मला 'अपात्र' लिहावं लागेल," ते म्हणाले. फॉर्म माझ्या नावाचा होता. म्हणजे मला फेरी जमत होती, आणि अपात्र मीच होणार होतो. क्षणभर मला काकांचा राग आला, खोटं कशाला बोलू. काकांकडे बोट दाखवलं असतं तर सुटलो असतो. मग त्यांचा तो काळा तळवा परत दिसला आणि माझाच मला राग आला.

"साहेब, एक सांगायचंय," मी म्हटलं. "सात महिने मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवू शकत नव्हतो. टपावरची सगळी कामं जोडीदाराकडून करून घेतली. पाच आठवडे डॉक्टरांकडे जातोय. त्या डोळे मिटायला लावतात आणि मी त्यांच्यासमोर रडलोय. फॉर्मवर लिहायचं असेल तर लिहा."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. त्यांच्या फॉर्ममध्ये याला जागा नव्हती.

काका भिंतीला टेकले. "रोज किती मजले?" त्यांनी विचारलं.

"चौदापर्यंत. तुमचे?"

"घरचे नऊ. म्हणून तर फारसा उतरतच नाही. काकूला सांगितलंय, डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण काकाच आधी हसले. हसता हसता त्यांनी डोळ्यांवर तोच काळा हात फिरवला आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. मी म्हटलं, "काका, तपासणीच्या वेगानं जाऊ. बटण तुम्ही धरा. बोट उचललं की थांबेल, आणि थांबली की थांबली. मी कुठं जात नाही."

"साहेबांना घाई आहे," काका म्हणाले.

"फॉर्ममध्ये वेळेचा रकाना नाही," मी म्हटलं. साहेबांनी फॉर्म उलटून-पालटून बघितला. खरंच नव्हता.

आम्ही टपावर उतरलो. काकांनी माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होते. बटण दाबलं, केबिन वीतभर सरकली, थांबली. परत वीतभर. पहिल्या ते दुसऱ्या मजल्याला बारा मिनिटं लागली. साहेबांना सातव्या मजल्यावर आमची वाट बघायची होती आणि लिफ्ट आमच्याकडे होती, त्यामुळे ते जिन्यानं निघाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांच्या धापा आम्हाला शाफ्टमध्ये ऐकू येत होत्या. चौथ्याला काका म्हणाले, "बास, उतरतो." मी म्हटलं, "उतरा." ते उतरले नाहीत. पाचव्याला मी बघितलं तर माझीही मान वाकलेली होती. मी ती तशीच राहू दिली.

सातव्याला पोचलो तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. वरचा स्लॅब बराच उंच होता. काकांनी मान वर करून तो नीट बघितला, आणि बटणावरचं बोट उचललं. साहेब जिन्याच्या पायरीवर बसून डुलकी काढत होते. आम्ही त्यांना उठवलं. त्यांनी 'पात्र' लिहिलं, मग थोडा विचार केला, दुसरा कोरा फॉर्म काढला आणि काकांचं नाव विचारून तोही भरला.

साहेब गेल्यावर काका म्हणाले, "आठ महिने आला नाहीस तू."

"लाज वाटत होती. तुमचा पाय मोडला आणि मला काहीच झालं नाही."

"तुला काही झालं असतं तर झोप म्हणून ओरडलो कशाला मी?" काका चिडून म्हणाले. मग बराच वेळ ते हेल्मेटचा पट्टा सोडत बसले. "रविवारी घरी ये. काकू रोज विचारते."

"येतो. पण तुम्ही खाली घ्यायला या. दोघं मिळून लिफ्टनं वर जाऊ."

काकांचा पट्टा सुटला, हेल्मेट काढून त्यांनी काखेत धरलं.

"येईन," ते म्हणाले. "पण उशीर झाला तर थांब."

मी थांबतो म्हटलं.